नीरेच्या डाव्या काठाने

थंडीचे दिवस आले की भिगवणच्या वाटेवर मोटारींची रीघ लागते. उजनीच्या फुगवट्यावर उतरणारे रोहित पक्षी पाहण्यासाठी पुण्याची मंडळी पहाटेच निघतात, कुंभारगाव किंवा डिकसळच्या काठाने होडीतून फिरतात आणि मासळीचे जेवण करून सायंकाळी परततात. या हौसेत वावगे असे काही नाही. परंतु हा जलाशय १९८० च्या सुमाराचा, म्हणजे कालपरवाचा. त्याच्या दक्षिणेस, तासाभराच्या आत गाठता येईल अशा बारामतीच्या भरवस्तीतून याहून शंभर वर्षांनी जुना असा नीरा डावा कालवा वाहतो. तो पाहण्यासाठी मात्र कोणी मुद्दाम वाट वाकडी करीत नाही.

या कालव्याचा जन्म दुष्काळात झाला. १८७६ ते १८७८ या सालांत दख्खनवर जे संकट कोसळले, त्यात भुकेल्यांच्या हातांना काम देण्यासाठी जी कामे सरकारने काढली, त्यांत याचे खोदकाम होते. त्या काळात रिचर्ड टेंपल यांच्या धोरणाने धान्याची मजुरी दिवसाला एक पौंडावर, म्हणजे अर्ध्या किलोच्याही आत आणली गेली होती. वर हातावर पडे तो एखादा आणा. पुण्याच्या सार्वजनिक सभेने या मजुरांची गाऱ्हाणी हिरिरीने मांडली, ती उगीच नव्हे. १८८५ च्या सुमारास वीरच्या बंधाऱ्यापासून निघालेले पाणी कालव्यातून वाहू लागले आणि कऱ्हा ओलांडून ते इंदापूर तालुक्याकडे वळले. त्याला भाटघरच्या धरणाचा आधार मिळाला. सुमारे दीडशे किलोमीटरांचा हा पाट ज्यांनी फावड्याने आणि पाटीने खणला, त्यांच्या नावाचा एक दगडही या काठावर आढळत नाही. कवी मोरोपंतांचे बारामतीशी असलेले नाते शाळकरी मुलालाही ठाऊक असते. या खणकऱ्यांचे नाते कोणी सांगितलेच नाही, तर ते ठाऊक व्हावे कसे?

अलीकडे शहरातील कालव्याचा काठ बांधून काढण्यात आला, पदपथ झाले, दिवे लागले. सकाळी निवृत्त शिक्षक आणि सायंकाळी लेकुरवाळ्या स्त्रिया तेथे फिरताना दिसतात. ज्या गावात उन्हाळा असह्य होतो, तेथे वाहत्या पाण्याशेजारी चालावयास मिळणे ही लहान सोय नव्हे, आणि तिची कुचेष्टा करणाऱ्यांपैकी प्रस्तुत लेखक नाही. पण शहराची हद्द संपली की पदपथही संपतो. पुढे उरतो तो पाटबंधारे खात्याच्या पाहणीचा धुळीचा रस्ता. खरा इतिहास सुरू होतो तो तेथेच.

अमेरिकेत वॉशिंग्टनपासून कंबरलंडपर्यंत चेसापीक-ओहायो नावाचा एक कालवा आहे. तो नौकांसाठी खणलेला. १९२४ साली त्यावरील वाहतूक बंद पडली. त्याच्या काठाने मोटाररस्ता काढण्याचा बेत पुढे आला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी १९५४ साली वृत्तपत्राला पत्र लिहून संपादकांनाच आपल्याबरोबर चालावयास बोलाविले आणि ते खरोखरच तो काठ चालत निघाले. १९७१ साली तो सुमारे २९७ किलोमीटरांचा काठ ऐतिहासिक राष्ट्रीय उद्यान झाला. खेचरे ज्या वाटेने नौका ओढीत, ती वाट आता पादचाऱ्यांची आहे. आपल्याकडे असे का होऊ नये, हा प्रश्न सहज सुचतो. मात्र येथे एक भेद विसरून चालणार नाही. तो कालवा मेल्यावर उद्यान झाला. आपला कालवा जिवंत आहे. आवर्तन सुटले की त्याच्या काठावर पाळी धरून बसलेला शेतकरी असतो, आणि त्याच्या दृष्टीने ही शोभेची जागा नव्हे.

म्हणूनच काठाच्या सुशोभीकरणातील सिमेंट हा केवळ सौंदर्याचा विषय राहत नाही. शहराबाहेर कालव्याच्या अस्तरीकरणाची गोष्ट निघाली, तेव्हा बारामती-इंदापूरच्या अनेक शेतकऱ्यांनी तिला विरोध केला. कालवा पाझरतो, आणि त्या पाझरावर काठच्या विहिरी जगतात. अस्तर झाले की विहिरी आटतील, ही त्यांची भीती काल्पनिक नाही. दुसऱ्या बाजूस, शेवटच्या टोकाच्या इंदापूरकराला वाटेत जिरणारे हेच पाणी हवे असते. त्याच्या चारीला पाळी येईपर्यंत पीक करपून जाते. पाझराचाही एक इतिहास आहे. नीरा खोऱ्यातील जमिनी चोपण होऊ लागल्या, तेव्हा पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे डॉ. हॅरोल्ड मान आणि तांबे नव्हे, तर ताम्हणे यांनी त्यांचा अभ्यास करून १९१० साली तो प्रसिद्ध केला. (ताम्हणे हे नाव आज कोणाच्या स्मरणात नाही, म्हणून हा खुलासा.) पाणी थोड्यांच्या उसात न मुरता अधिक गावांत पोचावे, म्हणून विश्वेश्वरय्यांनी याच कालव्यावर ब्लॉक पद्धत आणली, तीही विसाव्या शतकाच्या आरंभी. ऊस ठरावीक भागातच आणि पाळीपाळीने घ्यावयाचा, बाकी रानात हलकी पिके, असा तिचा गाभा होता. पुढे साखर कारखाने आले, वालचंदनगर उभे राहिले, आणि त्या गाभ्याचे काय झाले हे या पट्ट्यातील उसाकडे पाहून कोणालाही कळेल.

माझे मत विचाराल तर, जेथे भराव खचण्याचे किंवा कालवा फुटण्याचे भय आहे तेथे अस्तर अवश्य घालावे. इतरत्र काठच्या विहिरींची पातळी निदान दोन उन्हाळे मोजल्याखेरीज एक पोतेही सिमेंट टाकू नये. त्या मोजमापाचे आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावेत. आणि पादचाऱ्यांसाठी काही करावयाचेच असेल, तर पाहणीच्या रस्त्यावर मैलामैलाने साधा फलक पुरे: हा भाग केव्हा खणला, येथून कोणती चारी फुटते, तिच्यावर किती रान भिजते.

तोवर ज्याला पाहावयाचे असेल त्याने भिगवणहून परतताना बारामतीस उतरावे, आवर्तन चालू असल्याची चौकशी करावी आणि उन्हे चढण्यापूर्वी पदपथाच्या शेवटापर्यंत जाऊन पुढे तासभर तसेच चालत राहावे. पायांत जाड वहाणा असाव्यात. काठावर बाभळीचे काटे असतात. एखादा पाटकरी भेटला, तर तो दार कसे उचलतात हे दाखवील, आणि खालच्या गावाला पाणी किती दिवसांनी पोचणार, हेही सांगेल.