स्क्रू घसरतो तेव्हा दोष मनगटाचा नसतो

जुन्या आरएक्स 100 च्या इंजिनाचं साइड कव्हर जवळून पाहा. बऱ्याच गाड्यांवर एखाद-दुसऱ्या स्क्रूचं डोकं गेलेलं दिसेल: फुलीच्या जागी वाटोळा खड्डा आणि कडेला छिन्नीचे घाव. स्क्रू फार जाम होता, असं उत्तर मिळतं. ते खरंही असतं. ॲल्युमिनियमच्या कव्हरात पोलादी स्क्रू वर्षानुवर्षं बसला, त्यात पावसाचं पाणी मुरलं, की दोन धातूंच्या सांध्यात गंज चढतो आणि आटे पकडतात. पण जाम स्क्रूचं डोकं जायलाच हवं असं नाही. ते घालवतो चुकीचा बिट.

दुकानात ‘स्टार स्क्रू ड्रायव्हर’ मागितला की सहसा फिलिप्स हातात पडतो. अमेरिकेत पोर्टलंडच्या हेन्री फिलिप्स यांनी जॉन थॉम्पसन यांची कल्पना विकत घेऊन सुधारली आणि 1936 मध्ये तिची पेटंटं मिळवली. त्याच सुमारास जनरल मोटर्सने कॅडिलॅकच्या जुळणीत हा स्क्रू वापरायला घेतला. बिट आपोआप मध्यावर बसतो, ही त्याची खरी खुबी. मात्र त्याच्या पात्यांच्या बाजू उतरत्या असतात. जोर वाढला की फिरवण्याच्या बळातला काही भाग त्या उतारावरून वर वळतो आणि बिट खाचेबाहेर ढकलला जातो. जास्त आवळला जाऊ नये म्हणून हे मुद्दाम केलं, अशी आवडती दंतकथा आहे. मूळ पेटंटांत तसा हेतू लिहिलेला नाही.

जपानने फुलीच्या खाचेचं स्वतःचं मानक ठरवलं. त्याला जेआयएस म्हणतात. वरवर पाहता फरक कळत नाही. पण फिलिप्स बिटाच्या पात्यांमधले कोपरे जास्त भरलेले असतात, त्यामुळे जेआयएस खाचेत तो तळापर्यंत उतरतच नाही. वरच्या कडेवर टेकून राहतो आणि सगळा जोर त्या बारीक कडेवर येतो. उलट जेआयएस बिट फिलिप्स स्क्रूत बहुतेक वेळा नीट चालतो. आपल्याकडे 1980 च्या दशकात इंड-सुझुकी, हिरो होंडा, आरएक्स 100 अशा जपानी घडणीच्या गाड्या आल्या, त्यांच्याबरोबर हे स्क्रूही आले. अवजारांच्या पेटीत मात्र फिलिप्सच राहिला.

ओळखायचं कसं? जेआयएस स्क्रूच्या डोक्यावर, फुलीच्या शेजारी, अनेकदा टाचणीच्या टोकाएवढा ठिपका असतो. प्रत्येक स्क्रूवर तो असेलच असं नाही. म्हणून आधी खाचेतली माती सुईने खरवडा, बिट बसवा आणि न फिरवता हलवून पाहा. हलत्या दातासारखा डुगडुगला तर तो बिट बाजूला ठेवा. मापही तितकंच महत्त्वाचं. कार्बोरेटरची वाटी किंवा पुढच्या ब्रेकच्या ऑइल कपाचं झाकण यांच्या 4-5 मिमी स्क्रूंना 2 नंबरचा बिट लागतो, इंजिन कव्हरच्या 6 मिमी स्क्रूंना 3 नंबरचा. 6 मिमीच्या स्क्रूवर 2 नंबर चालवणं हा गॅरेजमधला सर्वांत महागडा आळस.

ॲलन बोल्टची गोष्ट वेगळी. तिथे घोळ मिलिमीटर आणि इंचांचा. 3/16 इंचाची चावी 4.76 मिमी भरते. ती 5 मिमीच्या खाचेत जाते, फिरतेही, आणि पाव मिलिमीटरच्या त्या फटीपायी षटकोनाचे कोपरे गोल करते. टॉर्क्समध्ये सहा पाकळ्यांच्या भिंती जवळजवळ उभ्या असल्याने जोर बाहेर ढकलण्यात वाया जात नाही. चाकणला बनणाऱ्या केटीएमवर तो काही ठिकाणी दिसतो. त्यात ‘जवळपासची’ ॲलन चावी ठोकून बसवणं हा शुद्ध अघोरीपणा.

जाम स्क्रूसाठी हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्या. घाव बिटाला खाचेत दाबतो आणि त्याच क्षणी थोडा फिरवतो, म्हणजे बिटाला वर यायला वावच मिळत नाही. आधी आट्यांत भेदक तेल सोडून रात्रभर मुरू द्या. कार्बोरेटरवर मात्र हातोडी चालवू नका, तो धातू मऊ असतो. जपानी घडणीची जुनी गाडी घरी असेल, तर चाळीस बिटांचा चकचकीत डबा नको. 2 आणि 3 नंबरचे चांगल्या पोलादाचे दोन जेआयएस बिट घ्या. आणि पहिल्यांदा बिट घसरला की तिथेच थांबा. दुसऱ्या झटक्यानंतर ड्रिल मशीनच काढावं लागतं.