फांगण्याची आजीबाईंची शाळा: साठीनंतर पाटी हातात का घ्यायची?

शहापूर म्हटलं की मुंबईकरांना भातसा धरण आठवतं आणि मुरबाड म्हटलं की पावसाळ्यातला माळशेज घाट. ठाणे जिल्ह्याच्या या ग्रामीण पट्ट्यातलं एक छोटं गाव मात्र वेगळ्याच कारणाने देशोदेशी पोहोचलं. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात 60 ते 90 वर्षांच्या आजीबाई गुलाबी नऊवारी नेसून, दप्तर घेऊन शाळेत जातात. त्यांचे फोटो तुम्हीही पाहिले असतील.

फोटो छानच आहेत. पण त्यांच्यामागे दोन प्रश्न आहेत. या बायका लहानपणी शाळेत का गेल्या नाहीत? आणि या वयात शाळेत जाऊन त्यांना मिळालं काय?

शाळा सुरू कशी झाली?

2016 ची शिवजयंती. गावात वाचनाचा कार्यक्रम होता. ‘आम्हालाही वाचता आलं असतं तर बरं झालं असतं,’ अशी इच्छा तिथे जमलेल्या म्हाताऱ्या बायकांनी बोलून दाखवली. ती फांगण्याच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक योगेंद्र बांगर यांनी मनावर घेतली. अंबरनाथच्या मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टने पाट्या, दप्तरं आणि साड्या दिल्या आणि 8 मार्च 2016 ला, म्हणजे महिला दिनी, शाळा सुरू झाली. सुमारे 30 जणींचा वर्ग. शिकवायला गावातलीच एक सून. तिची स्वतःची सासूही त्याच वर्गात विद्यार्थिनी!

वेळ ठरली दुपारी 2 ते 4. सकाळचं पाणी, स्वयंपाक, गुरं आणि शेतातलं काम उरकलेलं असतं. संध्याकाळची चूल पेटायला अजून अवकाश असतो. बाईच्या दिवसात तिचे स्वतःचे म्हणता येतील असे हेच दोन तास. शाळेने तेच निवडले.

मग लहानपणी शाळा का सुटली?

1951 च्या जनगणनेत देशातल्या जेमतेम 9 टक्के स्त्रिया साक्षर होत्या. फांगण्याच्या वर्गातल्या बहुतेकींचं बालपण त्याच्या आसपासचं. घरात पैसा कमी असला की शाळेत मुलाला पाठवायचं आणि मुलीने धाकटी भावंडं सांभाळायची, ही तेव्हाची रीत. त्यात लग्नही लवकर व्हायचं.

पुढे सरकारने प्रौढांसाठी योजना आणल्या, पण त्यांना वयाची अट होती. 1978 चा राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम आणि 1988 चं राष्ट्रीय साक्षरता अभियान, दोन्हींचा भर 15 ते 35 वयोगटावर होता. आता हिशोब करून पाहा. 2016 मध्ये 75 वर्षांची असलेली आजी 1978 मध्ये 37 वर्षांची होती. म्हणजे लहानपणी शाळा सुटली आणि मोठेपणी योजनाही दोन वर्षांनी हुकली. जी 60 वर्षांची होती, ती 1978 मध्ये 22 वर्षांची. ती योजनेत बसत होती, पण तेव्हा तिच्या कडेवर पोर होतं आणि दिवसभर शेतातलं काम.

वरची वयोमर्यादा नंतर गेली. 2009 च्या ‘साक्षर भारत’ मध्ये 15 वर्षांवरच्या सगळ्यांचा विचार झाला आणि 2022 पासूनच्या ‘उल्लास’ कार्यक्रमातही तसंच आहे.

गावात एवढी मंडळं असताना हे वेगळं कसं?

गावात माणसं एकत्र येण्याच्या जागा कमी नसतात. तरुणांचं गणेशोत्सव मंडळ असतं. भजनी मंडळ असतं. बायकांचे बचत गट असतात. साधारण 10 ते 20 जणी दरमहा ठरावीक रक्कम जमा करतात, गरजेला त्यातूनच कर्ज घेतात आणि पुढे बँकेचं कर्ज मिळवतात. 1992 मध्ये नाबार्डने असे गट बँकांशी जोडायला सुरुवात केल्यावर ते गावोगाव पसरले.

पण बचत गटात हप्ता भरायला हातात कमाई लागते. सत्तरीच्या बाईकडे ती असतेच असं नाही. पोथी लावली की ती ऐकायला बसते, वाचणारा दुसराच कुणीतरी असतो. म्हणजे गावच्या कार्यक्रमांत तिला जागा असते, पण बहुतेकदा श्रोत्याची. फांगण्याच्या वर्गात तिच्या नावाची हजेरी लागते. पाटी तिची, धडाही तिचाच. घरी अभ्यास घ्यायला नातवंडं असतात.

असा प्रयत्न महाराष्ट्राला नवा नाही. 1882 मध्ये पंडिता रमाबाईंनी पुण्यात आर्य महिला समाज स्थापन केला. 1909 मध्ये रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुणे सेवासदन सुरू झालं आणि तिथे प्रौढ स्त्रियांचे वर्ग चालले. बायकांना घराबाहेर एकत्र बसायला जागा मिळावी आणि बसल्या बसल्या शिकता यावं, हाच दोन्हींमागचा विचार. फांगण्यात फरक इतकाच, की तिथे विद्यार्थिनी आज्या आहेत.

साडी गुलाबीच का?

वर्गात अनेक विधवा आहेत. नवरा गेला की कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या आणि भडक रंग टाळायचे, हे अनेक घरांत आजही चालतं. गणवेश सगळ्यांना सारखा असल्यामुळे गुलाबी रंग सगळ्यांनाच आला, सवाष्णींना आणि विधवांनाही. ही गोष्ट किती मोठी आहे हे सहा वर्षांनी दिसलं. 4 मे 2022 ला कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याची राज्यभर चर्चा झाली. जे करायला हेरवाडला ठराव करावा लागला, त्यातला रंगापुरता भाग फांगण्यात एका गणवेशाने झाला.

सही आली म्हणून काय झालं?

या शाळेत मुळाक्षरं, अंक, कविता असं सगळं शिकवतात. पण आजींसाठी पहिली मोठी पायरी म्हणजे स्वतःचं नाव. अंगठ्याच्या जागी सही.

याचा संबंध थेट पैशाशी आणि जमिनीशी आहे. श्रावणबाळ योजनेचे पैसे खात्यात आले का, किती आले, हे पासबुकातले आकडे ओळखता आले तरच कळतं. वडिलोपार्जित जमिनीच्या वाटणीत बहिणींकडून हक्कसोडपत्र करून घेतलं जातं. त्यावर काय लिहिलंय हे न वाचता अंगठा उठवलेल्या बायका प्रत्येक तालुक्यात सापडतील. नुसती सही आली म्हणून कुणाला दस्त वाचता येत नाही, हे खरं. पण अक्षर ओळखणारी बाई निदान ‘हे काय लिहिलंय?’ असं विचारते, आणि तिच्यासमोर कागद सरकवणाऱ्यालाही जरा जपून राहावं लागतं.

मर्यादा काय आहेत?

वय आपला हिसका दाखवतंच. कुणाला नीट दिसत नाही, कुणाला ऐकू कमी येतं, काल गिरवलेलं अक्षर आज आठवत नाही. सगळ्याच जणी सलग पोथी वाचू लागतील, ही अपेक्षा धरणं चुकीचं ठरेल. शिवाय अशी शाळा एखाद्या शिक्षकाच्या उत्साहावर उभी राहते, आणि जिल्हा परिषदेच्या शिक्षकाची कधीतरी बदली होते. शिकवणारी गावातलीच असली तर वर्ग टिकण्याची शक्यता वाढते.

दुसऱ्या गावाला हे करायचं असेल तर लागणाऱ्या वस्तू फार नाहीत. बसायला खोली, पाट्या, खडू आणि शिकवायला तयार असलेली एखादी लेक किंवा सून. आणि एक गोष्ट घरच्यांनी करायची: दुपारी 2 ते 4 आजीला दुसरं काम सांगायचं नाही.