एका सूक्ष्म सुईने टिपलेला वायू

छातीत कळ आली की हृदयविकाराचा रुग्ण आधी गोळीची डबी शोधतो. गोळी जिभेखाली ठेवायची आणि स्वस्थ बसायचे. काही मिनिटांत कळ ओसरू लागते. ही गोळी नायट्रोग्लिसरीनची किंवा त्याच्याच जातकुळीतल्या औषधाची असते. नायट्रोग्लिसरीन म्हणजे डायनामाइटमधला स्फोटक पदार्थ! डायनामाइटवर अफाट संपत्ती मिळवणाऱ्या आल्फ्रेड नोबेलला म्हातारपणी डॉक्टरांनी हेच औषध सुचवले, तेव्हा त्याने ते घ्यायला साफ नकार दिला.

गोळीने आराम का पडतो, हे डॉक्टरांना जवळजवळ शंभर वर्षे ठाऊक नव्हते. १९७७ मध्ये अमेरिकेत फेरिड मुराद यांनी दाखवून दिले की, या औषधातून नायट्रिक ऑक्साइड हा वायू सुटतो आणि तो रक्तवाहिनीचे स्नायू सैल करतो. मोटारीच्या धुरात असतो तोच हा वायू. (दंतवैद्याकडचा ‘हसवणारा वायू’ वेगळा, तो नायट्रस ऑक्साइड.)

खरे आश्चर्य पुढेच होते. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या रक्तवाहिनीवर प्रयोग करीत होते. आतले नाजूक अस्तर शाबूत असेल तर एका औषधाने वाहिनी सैल पडे. अस्तर खरवडले गेले असेल तर तेच औषध तिला आवळून टाकी. म्हणजे अस्तराच्या पेशी कसला तरी निरोप पाठवीत होत्या. तो निरोप्या म्हणजे नायट्रिक ऑक्साइडच, असा निष्कर्ष १९८६ मध्ये फर्चगॉट आणि लुई इग्नारो यांनी स्वतंत्रपणे मांडला. १९९८ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक या तिघांना मिळाले.

काही सेकंदांचा पाहुणा

उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान यांमुळे हे अस्तर दुबळे होते आणि वायू कमी पडू लागतो, तोही कळ येण्याच्या कितीतरी वर्षे आधी. मग तो मोजावा कसा? त्याचे प्रमाण अगदी नगण्य आणि आयुष्य जेमतेम काही सेकंदांचे. रक्त काढून प्रयोगशाळेत नेईपर्यंत तो नाहीसा होतो. मोजमाप पेशीच्या दारातच व्हायला हवे.

मिशिगनच्या ओकलंड विद्यापीठातील तादेउश मालिन्स्की यांनी १९९२ मध्ये हे साधले. त्यांची ‘सुई’ म्हणजे केसाहून कितीतरी बारीक टोकाचा कार्बनचा तंतू. त्यावर रक्ताला लाल रंग देणाऱ्या द्रव्याच्या कुळातले एक रसायन चढवले होते. वायूचा रेणू टोकाला लागला की आपला इलेक्ट्रॉन देऊन टाकतो आणि अतिसूक्ष्म विद्युतप्रवाह वाहतो. वायू जितका जास्त, तितका प्रवाह जास्त. एकट्या पेशीने सोडलेला वायू अशा रीतीने प्रत्यक्ष मोजला गेला.

पुढे संशोधकांनी या टोकांवर सोने, प्लॅटिनम यांचे नॅनोकण बसवायला सुरुवात केली. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. खडीसाखरेपेक्षा पिठीसाखर लवकर विरघळते, कारण तिचा पृष्ठभाग मोठा. नॅनोकणांचेही तसेच. तेवढ्याशा टोकावर वायूला भिडायला जागाच जागा मिळते आणि क्षीण इशाराही पकडता येतो.

अडचण गर्दीची आहे. शरीरातले नायट्राइट, क जीवनसत्त्व हेही त्याच टोकावर प्रवाह निर्माण करतात. म्हणून वर नॅफिऑन या प्लास्टिकसारख्या द्रव्याचा पातळ थर देतात. त्यावर ऋण विद्युतभार असल्याने हे ऋणभारित घुसखोर मागे ढकलले जातात. भार नसलेला वायू मात्र आत शिरतो. तरीही जिवंत ऊतीत प्रथिनांचे पुट चढून सुई हळूहळू बधिर होते. त्यामुळे एकेका पेशीला टेकणारी ही सुई अजून प्रयोगशाळेतच आहे.

दम्याची फुंकर

श्वासातला वायू मोजणे मात्र दवाखान्यापर्यंत आले आहे. दम्यात श्वासनलिकेला विशिष्ट प्रकारची सूज आली की तिथल्या पेशी नायट्रिक ऑक्साइड जास्त सोडतात. हातात मावणाऱ्या यंत्रात साधारण दहा सेकंद एकसारखी फुंकर मारायची. आतला विद्युतरासायनिक संवेदक आकडा दाखवतो. मोठ्या माणसात अब्जात ५० भागांहून जास्त आकडा आला, तर तोंडाने ओढायच्या स्टेरॉइडचा उपयोग होण्याची शक्यता अधिक. २५ पेक्षा कमी असेल, तर खोकल्या-धापेचे कारण दुसरीकडे शोधावे लागते. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा आकडा मात्र फसवा कमी येतो. तेव्हा यंत्र हाती देण्याआधी डॉक्टरांनी व्यसनाची चौकशी केली, तर रुग्णाने लपवाछपवी करू नये.