जहाजांचे माहेर

मुकुंदवाडीपासून समुद्र तीनशे किलोमीटरहून अधिक दूर. भरती-ओहोटी इथल्या माणसाला ठाऊक असते ती बहुधा पुस्तकातली. पण शेजारच्या चिकलठाणा औद्योगिक वसाहतीत राबणाऱ्या फिटर-वेल्डरला एक गोष्ट नक्की कळते : यंत्र विकत घेणे सोपे, ते चालते ठेवणे कठीण. बंदराचेही तसेच आहे.

मुंबईकडे पाहा. 1736 मध्ये लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईत आले आणि 1750 मध्ये इथे सुकी गोदी उभी राहिली. मुंबईची भरती मोठी. त्या भरतीवर जहाज गोदीत घ्यायचे, ओहोटीने पाणी उतरले की दार लावायचे. निसर्गानेच दिलेली ही सोय! त्यात मलबारचे सागवान. ओकच्या लाकडातले आम्ल लोखंडी खिळे खाते. सागाचे तेल त्यांना जपते. जमशेटजी बमनजी वाडियांच्या देखरेखीखाली 1813 मध्ये बांधलेल्या ‘कॉर्नवॉलिस’वर 1842 मध्ये नानकिंगचा तह झाला. 1817 मध्ये पाण्यात उतरलेली ‘त्रिंकोमाली’ तर इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही तरंगते आहे. वाडियांचे नाव इतिहासात राहिले. पण त्या फळ्या तासणाऱ्या सुतारांची नावे आपल्यापैकी किती जणांना सांगता येतील?

पुढे लाकूड गेले, लोखंड आले. सरकारने 1960 मध्ये माझगाव गोदी ताब्यात घेतली आणि तिथे बांधलेली ‘निलगिरी’ युद्धनौका 1972 मध्ये नौदलात दाखल झाली. नव्या जहाजाच्या जलावतरणाला नारळ फुटतो, छायाचित्रे निघतात. दुरुस्तीला मात्र ना नारळ, ना छायाचित्र.

आणि दुरुस्ती म्हणजे काय? जहाज गोदीत घेऊन दार लावतात, पंपाने पाणी उपसतात, जहाज अलगद ठोकळ्यांवर टेकते. मग तळाला चिकटलेले शिंपले खरवडायचे, कारण त्यांच्यामुळे इंधन जास्त जळते. गंजलेला पत्रा कापून नवा जोडायचा, पंखा तपासायचा, रंग द्यायचा. सासुरवाशीण माहेरी येऊन चार दिवस विसावते, तसे हे जहाजाचे माहेरपण. फरक इतकाच, की इथे प्रत्येक दिवसाचे भाडे बुडते. म्हणून मालक घाईत, आणि कामगार घामात.

मुंबई बंदरातली ह्यूजेस सुकी गोदी 1914 ची, लांबी हजार फूट. 2019 पासून कोचीन शिपयार्ड तिथे दुरुस्तीचे काम पाहते आहे, ही समाधानाची गोष्ट. कारण आपली कितीतरी जहाजे वर्षानुवर्षे कोलंबो, दुबई, सिंगापूरची वाट धरत आली. त्यांच्याबरोबर पैसा जातो हे खरेच. पण त्याहून मोठे नुकसान वेगळे आहे. काम गेले की हात गंजतो, आणि गंजलेल्या हातातले कसब पुढच्या पिढीला मिळत नाही.

सुकी गोदी पैशाने बांधता येते. पत्र्यावर हातोडी मारून, आवाजावरून त्याचे दुखणे ओळखणारा कान मात्र वीस वर्षांच्या कामातून घडतो. मुकुंदवाडीच्या वेल्डरला हे सांगावे लागणार नाही. ते कळायला हवे ते नारळ फोडणाऱ्यांना.