एकरामागे दोन मैल

पऱ्हाटीवर फवारणी सुरू झाली की केळापूर तालुक्यात दरवर्षी तोच सल्ला पोचतो: गमबूट घाला, हातमोजे घाला, तोंडाला मास्क लावा. सल्ला खराच आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. पण तेव्हापासून 'त्यांनी काळजी घेतली नाही' हे वाक्य फार सहज बोललं जातं आणि मला ते सहन होत नाही.

दुसऱ्याला नावं ठेवण्याआधी त्याच्या जोड्यांत मैलभर चालून पाहा, असं इंग्रजीत म्हणतात. मेरी लॅथ्रप या अमेरिकी कवयित्रीच्या १८९५ च्या कवितेत हा विचार आहे. तिथले जोडे आदिवासींचे, मऊ कातड्याचे. पांढरकवड्याच्या शिवारात फवारणारा मात्र कित्येकदा अनवाणीच असतो. आपली म्हण याहून कडक: जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे. वंशाला जाणं कुणाच्या हाती नाही. मैल तरी मोजू या.

ओळींत चार फूट अंतर असेल तर एका एकरातल्या ओळींची लांबी जवळपास ११ हजार फूट भरते. प्रत्येक ओळीतून जायचं तर एकरामागे दोन मैल चाल. पाठीवर १६ लिटरचा पंप. खाली ओली काळी माती, पावलागणिक बुटाला थापली जाणारी. उघडीप पडली की उकाडा असा, की प्लास्टिकच्या कोटात जीव घाबरा होतो. २०१७ साली तर पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली होती, फवारा तोंडावरच येत होता. घामेजलेला सदरा विष कातडीला धरून ठेवतो. मोनोक्रोटोफॉससारखी विषं मज्जातंतूंचे संदेश थांबवणारं विकरच निकामी करतात. बाहुल्या बारीक होतात, अंधारी येते, लाळ गळते, श्वास कोंडतो. याला आपण सगळे 'औषध' म्हणतो.

फवारणारा बरेचदा रोजाने आलेला. डबा मालकाने आणलेला, कशात काय मिसळायचं ते दुकानदाराने सांगितलेलं, सूचना मुंगीएवढ्या अक्षरांत.

गमबूट-मास्कचं हे किट ठरवणाऱ्यांनी सप्टेंबरात इथे यावं. पंपात साधं पाणी भरावं, तेच बूट, तोच कोट घालून एक एकर पुरा करावा. आणि धुऱ्यावर आल्यावर, बूट काढायच्या आधी, दुसऱ्या एकरात उतरणार का ते सांगावं.