थायरॉईडची एक गाठ कॅन्सरच्या यादीतून बाहेर कशी आली?

बायोप्सीच्या रिपोर्टवर 'कार्सिनोमा' हा शब्द दिसला की त्यापुढचं कुणी वाचतच नाही. घरात रडारड, नातेवाईकांचे फोन, आणि 'डॉक्टर, जे काय असेल ते सगळं काढून टाका' असं आपणच म्हणून मोकळे होतो. पण समजा, तो शब्दच तिथे नको असेल तर?

२०१६ मध्ये नेमकं हेच झालं. थायरॉईडच्या एका प्रकारच्या गाठीच्या नावातून 'कार्सिनोमा' हा शब्द तज्ज्ञांनी चक्क काढून टाकला. यासाठी पुढाकार घेतला होता अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठाचे पॅथॉलॉजिस्ट युरी निकिफोरोव्ह यांनी.

हा माणूस कॅन्सरला हलक्यात घेणारा आहे का? अजिबात नाही. १९८६ मध्ये चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. किरणोत्सारी आयोडीन शेजारच्या बेलारूसमधल्या गवतावर पडलं, तिथून गाईंच्या दुधात आणि दुधातून मुलांच्या पोटात गेलं. गळ्यातली थायरॉईड ग्रंथी हार्मोन बनवण्यासाठी आयोडीन ओढून घेते. तिनं हेही ओढून घेतलं. काही वर्षांतच मुलांमध्ये थायरॉईडचा कॅन्सर दिसू लागला. अशा ८४ मुलांच्या गाठींचा अभ्यास निकिफोरोव्ह यांनी सहकाऱ्यासोबत १९९४ मध्ये प्रसिद्ध केला. म्हणजे पसरणारा कॅन्सर कसा असतो, हे त्यांनी जवळून पाहिलं होतं.

मग वाद कसला होता? तर काही गाठी पातळ आवरणात पूर्ण बंद असतात. आवरण फोडून बाहेर येत नाहीत, रक्तवाहिनीत शिरत नाहीत. पण मायक्रोस्कोपखाली त्यांच्या पेशींची केंद्रकं पॅपिलरी कॅन्सरसारखी दिसतात. फक्त तेवढ्यावरून त्यांनाही कॅन्सर म्हटलं जायचं.

आणि एकदा कॅन्सर म्हटलं की पुढचं सगळं ठरलेलं. पूर्ण ग्रंथी काढायची, म्हणजे जन्मभर रोज गोळी. मग किरणोत्सारी आयोडीनचा डोस. (हो, मुलांना आजारी पाडणारं तेच आयोडीन-१३१, फक्त इथे पेशी मारण्याएवढ्या मोठ्या मात्रेत.) शिवाय आयुष्यभर तपासण्या.

एका १९ वर्षांच्या मुलीची अशीच बंद गाठ निकिफोरोव्ह यांच्याकडे मत घ्यायला आली. गाठ असलेला ग्रंथीचा अर्धा भाग काढून झाला होता. आता आणखी काही करायची गरज नाही, असं त्यांनी सर्जनला सांगितलं. सर्जन म्हणाल्या, नियमाप्रमाणे बाकीची ग्रंथीही काढावी लागेल. तिथे निकिफोरोव्ह यांचा संयम संपला.

त्यांनी ७ देशांतले २४ पॅथॉलॉजिस्ट एकत्र आणले. सोबत मानसोपचारतज्ज्ञही होते, कारण प्रश्न एका शब्दाच्या धसक्याचाही होता. बंद गाठ असलेल्या १०९ रुग्णांचा १० ते २६ वर्षांचा इतिहास तपासला. त्यातल्या एकालाही किरणोत्सारी आयोडीन दिलेलं नव्हतं, आणि ६७ जणांची तर अर्धीच ग्रंथी काढली होती. तरीही सगळेच्या सगळे जिवंत होते आणि आजार कुणालाच परतला नव्हता. याउलट आवरण फोडून पसरू लागलेल्या गाठीच्या १०१ रुग्णांपैकी १२ जणांना पुढे त्रास झाला, दोघे दगावले. म्हणजे केंद्रक कसं दिसतं यापेक्षा गाठ बाहेर पडली का, हे जास्त महत्त्वाचं.

बंद गाठीला नवीन नाव मिळालं, 'निफ्ट-पी'. जगभरात वर्षाला ४५ हजारांहून जास्त लोकांना या बदलाचा फायदा होईल, असा अंदाज तेव्हा मांडला गेला.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. 'थायरॉईडचा कॅन्सर म्हणजे कॅन्सरच नाही' असा फॉरवर्ड आला तर तो पुढे ढकलू नका. हे फक्त या एका प्रकाराबद्दल आहे. सुईच्या तपासणीत तो पक्का कळत नाही. गाठ काढून तिचं आवरण सगळीकडून तपासावं लागतं, म्हणजे एक ऑपरेशन होतंच. टळतं ते त्यानंतरचं.

नंतर काही मोजक्या केसेसमध्ये लसिकाग्रंथींपर्यंत पसरलेला आजार दिसला, म्हणून २०१८ मध्ये निकष आणखी कडक केले गेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या वर्गीकरणात निफ्ट-पी 'कमी जोखमीची गाठ' म्हणून आहे. प्रोस्टेटच्या सर्वात सौम्य कॅन्सरचं नाव बदलावं का, यावर मात्र डॉक्टरांमध्ये वाद सुरूच आहे.