भाषेचा पुरावा आणि भाषेचा शिक्षक

एखादा प्रयोग शुद्ध की अशुद्ध, रूढ की अरूढ, असा प्रश्न उपस्थित झाला म्हणजे आपण भाषाशिक्षक बहुधा तीन ठिकाणी दाद मागतो : व्याकरणाकडे, कोशाकडे आणि स्वतःच्या कानाकडे. पहिल्या दोहोंची योग्यता सर्वमान्य आहे. तिसऱ्याविषयी मात्र थोडा विचार करावयास हवा. आपला कान ज्या घरात, ज्या गावात आणि ज्या पुस्तकांवर घडला, त्यांचीच साक्ष तो देत असतो. पुण्यात किंवा नाशकात हा कान पुष्कळ अंशी विश्वसनीय ठरेल. पण सुरतेसारख्या नगरात, जेथे मराठी मुलाच्या घरी खानदेशी बोली, रस्त्यावर गुजराती व हिंदी आणि वर्गात प्रमाण मराठी अशी स्थिती आहे, तेथे केवळ कानावर निवाडा देणे धोक्याचे होय. अशा ठिकाणी चौथ्या साक्षीदाराची गरज भासते. तो साक्षीदार म्हणजे भाषासंचय.

इंग्रजीत ज्यास 'कॉर्पस' म्हणतात, त्यास प्रस्तुत लेखात भाषासंचय म्हटले आहे. भाषासंचय म्हणजे पुस्तकांचा ढीग नव्हे. कोणत्या काळातील, कोणत्या प्रकारचे आणि किती लेखन अथवा भाषण घ्यावयाचे हे आधी ठरवून, त्या प्रमाणात निवडलेला आणि यंत्राच्या साह्याने क्षणात धुंडाळता येईल असा प्रत्यक्ष वापरातील भाषेचा साठा, असे त्याचे स्वरूप सांगता येईल.

ही कल्पना आपणांस सर्वस्वी परकी नाही. वैदिक मंत्रांची ब्लूमफील्ड यांनी सिद्ध केलेली सूची 1906 साली प्रसिद्ध झाली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात 1948 साली डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांच्या नेतृत्वाखाली संस्कृत महाकोशाचे काम सुरू झाले, आणि त्यासाठी सुमारे 1,500 ग्रंथांतून जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या जमविण्यात आल्या. कोणत्या शब्दाचा कोणता अर्थ कोठे आला, हे प्रत्यक्ष वाक्यावरून ठरवावे, हीच त्या चिठ्ठ्यांमागील दृष्टी होती. चिठ्ठी व यंत्र यांत भेद आहे तो असा : चिठ्ठी लिहिणाऱ्यास जे नोंदण्याजोगे वाटले तेवढेच चिठ्ठीत उतरते, यंत्र मात्र सामान्य व दुर्लक्षित प्रयोगही तितक्याच निष्ठेने पुढे मांडते.

यंत्रयुगातील पहिला प्रसिद्ध संचय अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठात तयार झाला. 1961 साली छापलेल्या इंग्रजी गद्यातून प्रत्येकी सुमारे 2,000 शब्दांचे 500 उतारे, म्हणजे एकंदर दहा लाख शब्द, असा त्याचा आराखडा होता. हाच आराखडा पुढे ठेवून कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. व्ही. शास्त्री यांनी 1978 सालच्या भारतीय इंग्रजीचा संचय सिद्ध केला. तो जगभर 'कोल्हापूर' याच नावाने ओळखला जातो, ही आपल्या दृष्टीने अभिमानाची गोष्ट आहे. एकाच मापाने जमविलेल्या संचयांची तुलना करता येते. त्यामुळे भारतीय इंग्रजीचे वेगळेपण हा केवळ मताचा विषय न राहता मोजून पाहण्याचा विषय झाला. पुढे 1991 साली केंद्र सरकारने भारतीय भाषांचे संचय तयार करण्याचे काम हाती घेतले, तेव्हा मराठी व गुजराती या दोन्ही भाषांचे काम डेक्कन कॉलेजाकडे सोपविण्यात आले. आम्हां गुजरातेत मराठी शिकविणाऱ्यांस हा योग विशेष अर्थपूर्ण वाटतो.

आता वर्गात याचा उपयोग काय, ते एका शब्दावरून पाहू. हजीऱ्याच्या कारखान्यांच्या निमित्ताने येथे आलेल्या कुटुंबांतील एखादा मुलगा निबंधात 'वर्ग खाली होता' असे लिहितो. त्यास 'वर्गात कोणी नव्हते' असे म्हणावयाचे असते. मराठी वाचकास मात्र वर्ग तळमजल्यावर असल्याचा भास होतो. शिक्षक तांबड्या शाईने शब्द खोडतो आणि 'हा शब्द गुजराती आहे' असे सांगतो. पण हा निवाडा पुरता खरा आहे काय? भाषासंचयात 'खाली' हा शब्द शोधला, की त्याची वाक्ये एकाखाली एक येतात. उदाहरणादाखल अशी वाक्ये पाहा :

तो जिन्यावरून खाली आला.
मांजर पलंगाच्या खाली बसले.
भाडेकरूने खोली खाली केली.
बिचारा खाली हाताने परतला.

शेवटच्या दोन वाक्यांत 'खाली' म्हणजे रिकामाच होय, आणि ती वाक्ये मराठीच आहेत. म्हणजे हा अर्थ मराठीत आहे. परंतु खोली, जागा, घर यांच्याबरोबर 'करणे' हे क्रियापद, किंवा 'हात' हा शब्द, अशा ठरावीक सोबत्यांच्या संगतीत तो येतो. वर्ग, डबा, पिशवी यांविषयी प्रमाण लेखनात बहुधा 'रिकामा' हाच शब्द योजतात. आता मुलास सांगावयाचे ते निराळे ठरते. 'तुझा शब्द परका आहे' असे न म्हणता 'या शब्दाची संगत पाहा' असे म्हणता येते. वाक्ये त्याच्यापुढे ठेवून नियम त्यासच शोधू द्यावा. इंग्रजीच्या अध्यापनात बर्मिंगहॅमचे टिम जॉन्स यांनी या पद्धतीचा पुरस्कार केला. विद्यार्थी येथे नियम पाठ करणारा न राहता पुरावा तपासणारा होतो.

दुसरे उदाहरण चुकीच्या कारणमीमांसेचे आहे. 'माझी पुस्तक' असे मुलाने लिहिले, की दोष सहजच गुजरातीच्या माथी मारला जातो. वस्तुतः गुजरातीत मराठीप्रमाणेच तीन लिंगे आहेत आणि 'पुस्तक' तेथेही नपुंसकलिंगीच आहे. स्त्रीलिंगी 'पुस्तक' हिंदीतले. रोगाचे निदान चुकले तर उपचारही चुकतो. कोणत्या चुका किती मुलांच्या लेखनात वारंवार येतात आणि त्यांचे मूळ कोठे असावे, हे पाहण्यासाठी विद्यार्थ्यांच्याच लेखनाचा संचय करावा लागतो. बेल्जममधील लूव्हाँ येथे सिल्व्हियान ग्रेंजर यांनी निरनिराळ्या देशांतील इंग्रजी शिकणाऱ्यांच्या निबंधांचा असा संचय उभारला.

असे काम शाळेच्या आवाक्यातले आहे. साठ विद्यार्थ्यांचे वर्षातून चार निबंध, प्रत्येकी 150 शब्दांचे, घेतले तर 36,000 शब्द होतात. ते मुलांनी लिहिले तसेच, एकही दुरुस्ती न करता, उतरवून घ्यावेत. मुलांची नावे काढून टाकावीत. इयत्ता, घरची बोली आणि परिसरातील भाषा एवढीच माहिती प्रत्येक निबंधास जोडावी. पालकांची संमती घ्यावी. एवढ्या सामग्रीवरून विरळ शब्दांविषयी काही सांगता येणार नाही. परंतु लिंग, विभक्तिप्रत्यय आणि नित्याची क्रियापदे यांविषयी पुष्कळ कळेल.

या साक्षीदाराच्या मर्यादाही ध्यानात ठेवावयास हव्यात. संचयात एखादा प्रयोग आढळला नाही, एवढ्यावरून तो भाषेत नाही असे ठरत नाही; आणि वारंवार आढळला म्हणून तो अनुकरणीय ठरतो असेही नाही. त्याहून मोठी मर्यादा निवडीची आहे. 1991 च्या योजनेतील संचय छापील ग्रंथांवर आधारलेले होते. छापील मराठीत 'आहे' या अर्थी अहिराणी 'शे' क्वचितच भेटणार. ग्रियर्सन यांनी 1907 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या सर्वेक्षणाच्या खंडात खानदेशी ही भिल्ली भाषांबरोबर नोंदविली. तिचे मराठीशी नाते कसे मानावे यावर विद्वानांत मतभेद आहेत. ते कसेही असो, ती बोली बोलणारी मुले मराठी शाळेत बसतात. डेक्कन कॉलेजाने राज्य मराठी विकास संस्थेच्या साह्याने अलीकडे केलेल्या मराठी बोलींच्या सर्वेक्षणात प्रत्यक्ष भाषणाचे नमुने ध्वनिमुद्रित झाले, हे या दृष्टीने फार महत्त्वाचे कार्य होय. तथापि महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या मुलांचे मराठी अशा प्रयत्नांतही सहजासहजी येत नाही.

सुरत महानगरपालिकेच्या शिक्षण समितीच्या शाळांत गुजरातीबरोबरच मराठी माध्यमाचेही वर्ग चालतात. बडोदे, इंदूर, हैदराबाद, बेळगाव येथेही मराठी शिकणारी मुले आहेत. प्रत्येक ठिकाणची शेजारभाषा निराळी, म्हणून अडचणीही निराळ्या. या सर्व ठिकाणांसाठी एखाद्या साहित्यसंस्थेने नमुना-आराखडा ठरवून दिला, आणि शाळांनी त्या एकाच मापाने निबंध जमविले, तर कोल्हापूरच्या संचयाने भारतीय इंग्रजीसाठी जे केले ते महाराष्ट्राबाहेरील मराठीसाठीही होऊ शकेल. पाठ्यपुस्तके व सरावमाला त्या पुराव्यावरून रचता येतील. आपल्या घरचा शब्द दरवेळी तांबड्या शाईखाली गेलेला पाहून जो मुलगा हळूहळू मराठीत लिहावयाचेच सोडून देतो, त्याच्याविषयी निवाडा देण्यापूर्वी एवढे साक्षीपुरावे गोळा करणे हे आपणां शिक्षकांचे कर्तव्यच आहे.